शेतावरील पंपाच्या नियंत्रण पेटीचे उन्हापासून संरक्षण

विहिरीवरील इंजिन गेले आणि त्याच्या जागी विजेचा पंप आला, तेव्हा शेतकऱ्याच्या ओळखीची यंत्रे बदलली. आता सौर पंपाच्या रूपाने आणखी एक बदल झाला आहे. केंद्र शासनाची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये व राज्य शासनाची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये सुरू झाली, आणि तीन, पाच व साडेसात अश्वशक्तीचे सौर पंप गावोगाव दिसू लागले. ज्यांच्याकडे विजेचा पंप आहे त्यांच्या स्टार्टरच्या पेटीतही आता ऑटोस्विच, मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे यंत्र, ठिबक संचाचा वेळापत्रक-नियंत्रक अशी नाजूक उपकरणे बसू लागली आहेत. पंप पाण्यात बुडालेला असल्याने थंड राहतो. सौर पट्ट्या उन्हासाठीच बनविलेल्या असतात. या दोहोंच्या मध्ये असलेली नियंत्रणाची बंद पेटी मात्र ऐन उन्हात, बांधावरच्या खांबाला टांगलेली असते. सर्व यंत्रणेत उष्णतेला सर्वांत लवकर बळी पडणारा भाग तोच असून, त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

विदर्भात, मराठवाड्यात व खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतील पारा ४२ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो. उन्हाळी भुईमूग, केळी, संत्रा व भाजीपाला यांना पाण्याची सर्वाधिक गरज असते ती याच दिवसांत. पेटीतील एखादा भाग जळाला आणि दुरुस्तीला आठ-दहा दिवस लागले, तर बागेची जी हानी होते ती त्या भागाच्या किमतीच्या अनेक पटींनी जास्त असते. म्हणून हा विषय गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्णता येते कोठून?

पेटीत उष्णता दोन वाटांनी येते. पहिली वाट आतली. कंट्रोलर सौर पट्ट्यांकडून आलेल्या विजेचे रूपांतर पंपाला हव्या त्या स्वरूपाच्या विजेत करतो. हे काम करताना शंभरांतील तीन-चार भाग वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने चालत असता ही वाया जाणारी उष्णता सुमारे १२० ते १५० वॅट एवढी होते. हा आकडा लहान वाटेल. पण कुक्कुटपालन करणारे शेतकरी पिलांना ऊब देण्यासाठी ब्रूडरमध्ये जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा दिवा लावतात, हे स्मरावे. कंट्रोलरची बंद पेटी म्हणजे भर उन्हाळ्यात दिवा लावून ठेवलेला ब्रूडरच होय.

दुसरी वाट बाहेरची, म्हणजे सूर्याची. निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट एवढी ऊर्जा पडते. ६० सेंटिमीटर उंच व ४० सेंटिमीटर रुंद अशा पेटीचे तोंड पश्चिमेकडे असेल, तर दुपारी चारच्या सुमारास त्या तोंडावर दीडशे वॅटच्या आसपास ऊन पडते, आणि गडद करडा रंग असेल तर त्यातील बहुतांश तो पत्रा शोषून घेतो. त्यांपैकी काही भाग वाऱ्याबरोबर परत जातो हे खरे, तथापि आतल्या दिव्याच्या जोडीला बाहेरून दुसरा दिवा लावल्यासारखेच हे झाले.

उष्णता बाहेर पडण्याच्या वाटा तीन: वहन, अभिसरण व प्रारण. बंद पेटीत आतील हवा तापून पत्र्याला उष्णता देते आणि पत्रा ती बाहेरच्या हवेला देतो. वारा नसताना रंगविलेल्या पत्र्याचा एक चौरस मीटर भाग, आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे, साधारण साडेपाच वॅट उष्णता बाहेर टाकतो. या एका आकड्यावरून पुष्कळ उलगडा होतो. वर सांगितलेल्या पेटीची खोली २५ सेंटिमीटर धरली व मागील बाजू भिंतीला टेकलेली मानली, तर मोकळा पृष्ठभाग सुमारे पाऊण चौरस मीटर भरतो. म्हणजे एका अंशामागे चार वॅट. बहुतेक उष्णता पाठीमागील ॲल्युमिनियमच्या पात्यांतून परस्पर बाहेर जात असेल व पेटीत केवळ ४० वॅट उरत असतील, तर आतील हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी अधिक तापेल. बाहेर ४४ तर आत ५४. ही स्थिती चांगले यंत्र सहन करू शकते. परंतु त्या पात्यांवर धूळ बसली, किंवा पेटी भिंतीला इतकी चिकटवली की पात्यांतून हवाच खेळू शकत नाही, आणि १२० वॅट आतच कोंडले, तर वाढ तीस अंशांची होईल. बाहेर ४४ तर आत ७४. या हिशेबात ऊन अजून धरलेलेच नाही.

उष्णतेने बिघडते काय?

कंट्रोलरमध्ये, मोबाइल स्टार्टरमध्ये व ऑटोस्विचमध्ये द्रव भरलेले छोटे कपॅसिटर असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आठ वर्षे टिकावयाचा भाग वीस अंश अधिक तापमानात दोन वर्षांत निकामी होतो. असा बिघाड अचानक होत नाही. आतील द्रव हळूहळू आटत जातो, कपॅसिटरचे डोके फुगते, आणि मग एखाद्या दिवशी यंत्र चालू होत नाही. शेतकऱ्यास वाटते की कालपर्यंत ठीक होते. वस्तुतः त्याची सुरुवात दोन उन्हाळ्यांपूर्वीच झालेली असते.

चांगला कंट्रोलर स्वतःचा बचाव करतो. आतील तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो पंपाची गती कमी करतो, व तरीही तापमान उतरले नाही तर पंप बंद करतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पंपाची गती शंभरावरून नव्वदावर आली तर पाणी दहा टक्क्यांनीच घटेल, अशी समजूत असते. ती बरोबर नाही. पाणी वर चढविण्याची पंपाची शक्ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गती नव्वद टक्के झाली की चढाव एक्याऐंशी टक्के उरतो. उथळ विहिरीवर हा फरक फारसा जाणवणार नाही. परंतु खोल बोअरवेलवर, जेथे पंप आपल्या क्षमतेच्या शेवटच्या टोकाशी काम करीत असतो, तेथे एवढ्या घटीने पाणी वर येणेच थांबू शकते. पंप फिरत असतो, पाणी मात्र येत नाही. अशा वेळी शेतकरी बोअर आटली असे समजून निराश होतो.

यासाठी निदानाची पद्धत अशी ठेवावी. निरभ्र दिवशी सकाळी दहा, दुपारी बारा, दोन व चार वाजता बादली किंवा ड्रम भरण्यास लागणारा वेळ मोजावा. सौर पट्ट्या स्वतः तापल्यामुळे त्यांची शक्ती २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के कमी होते. पट्टी ६५ अंशांवर गेली तर ही घट सोळा टक्क्यांच्या आसपास असते. तथापि दुपारी बाराचे ऊन सकाळी दहाच्या उन्हापेक्षा जास्त असल्याने, ही घट धरूनही बाराचे पाणी दहाच्या पाण्याहून कमी असण्याचे कारण नाही. ते स्पष्टपणे कमी होत असेल, तर दोनच मुख्य शक्यता उरतात: विहिरीतील पातळी खाली जाणे किंवा पेटी तापणे. पातळी दोरीने मोजता येते. पातळी ठीक असून दुपारी एक ते तीन पाणी मंदावते आणि ऊन उतरू लागल्यावर पुन्हा सुधारते, असे आढळले तर दोष पेटीचा समजावा. कंट्रोलरच्या पडद्यावर त्या वेळी दिसणारा अंक वा अक्षर लिहून ठेवावे व सोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा.

विजेच्या पंपावरील स्टार्टरचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यातील ओव्हरलोड रिले दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालतो. मोटार अधिक प्रवाह ओढू लागली की पट्टी तापून वाकते व स्टार्टर सोडवते. पण पट्टीला उष्णता प्रवाहाने आली की उन्हाने, हे साध्या रिलेतील पट्टीला कळत नाही. म्हणून उन्हात तापलेल्या पेटीत मोटारीचा काहीही दोष नसताना स्टार्टर वारंवार पडतो. यावर शेतकरी जो उपाय करतात तो फार घातक आहे. रिलेची चकती पुढे सरकवून तो जास्त प्रवाहावर लावतात, किंवा रिलेच तारेने जोडून टाकतात. उन्हाळा संपतो, पेटी थंड होते, चकती मात्र तशीच राहते. पुढे एखाद्या रात्री तीनपैकी एक फेज जातो, रिले वेळेवर सुटत नाही आणि मोटार जळते. मोटार भरून घेण्याचा खर्च, क्रेन किंवा माणसे लावून ती बोअरमधून काढण्याचा खर्च व बुडालेली पाळी यांचा हिशेब केला म्हणजे पेटीवर सावली न केल्याची किंमत कळते. रिलेची चकती मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहाशीच जुळवलेली असावी. परिसरातील तापमानाची भरपाई करणारे रिले बाजारात मिळतात. नवा स्टार्टर घेताना ते मागून घ्यावेत.

काय करू नये

पेटीचे दार उघडे ठेवणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे, आणि तो सर्वांत वाईट आहे. उघड्या पेटीत धूळ, पाली, मुंग्या व कुंभारीण माशीची मातीची घरे येतात. त्याहून गंभीर म्हणजे मुले व जनावरे यांच्या जिवाला धोका असतो. काही ठिकाणी पेटीवर ओले गोणपाट टाकलेले दिसते. पाणी व वीज यांची अशी गाठ घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. ते ताबडतोब काढावयास लावावे.

चोरीच्या भीतीने कंट्रोलर दुसऱ्या मोठ्या लोखंडी पेटीत घालून कुलूप लावण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. भीती खोटी नाही, पण उपाय यंत्राला मारक आहे. मूळ पेटीची उष्णता दुसऱ्या पेटीत कोंडते आणि पात्यांचा काहीच उपयोग राहत नाही. बंद पत्र्याऐवजी लोखंडी जाळीचा पिंजरा करावा व त्याला कुलूप लावावे. हवा खेळती राहते व संरक्षणही मिळते.

धूळ व पाणी यांपासून बंदिस्त असलेल्या पेटीला भोके पाडू नयेत. तिच्या पाटीवर ५४ किंवा ६५ असा अंक असतो. त्यातील पहिला आकडा धुळीपासून व दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दाखवितो. एक भोक पाडले की दोन्ही आकडे व्यर्थ होतात, शिवाय पुरवठादाराची दुरुस्तीची हमीही धोक्यात येते. सावलीसाठी पेटीवर दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल चढविणेही योग्य नाही. वेल पाहण्यास शोभिवंत असला तरी तो पात्यांमध्ये शिरतो, ओलावा धरतो व उंदरांना शिडी करून देतो.

पेटीची जागा व सावली

हवामान केंद्रावरील तापमापकाची पांढरी, झडपांची पेटी पुष्कळांनी पाहिली असेल. ती स्कॉटलंडमधील दीपगृहे बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात तयार केली. तिला दुहेरी छप्पर असते, रंग पांढरा असतो, भिंती झडपांच्या असल्याने हवा जात-येत राहते, आणि आपल्या गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे असते. तापमापकावर ऊन न पडू देता त्याला हवा कशी द्यावी, याचे उत्तर त्या पेटीत आहे. पंपाच्या पेटीसाठी तेच उत्तर साध्या स्वरूपात वापरावयाचे आहे.

पेटीचे तोंड शक्यतो उत्तरेकडे करावे. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे झुकत असल्याने सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन उत्तरेकडील बाजूवरही येते, पण ते सौम्य असते. पश्चिमेकडील तोंड सर्वांत वाईट, कारण पश्चिमेचे ऊन आणि हवेचे कमाल तापमान दोन्ही एकाच वेळी येतात.

वर छप्पर करावे ते पेटीला टेकवून नव्हे. पत्रा पेटीवर टेकला तर त्याची उष्णता वहनाने सरळ आत जाते. दोहोंमध्ये चार बोटे ते एक वीत अंतर सोडावे, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. मात्र नुसते छप्पर पुरत नाही. मे महिन्यात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून पस्तीस ते चाळीस अंशांवर असतो व छपराखालून ऊन पेटीवर येते. म्हणून पश्चिमेच्या बाजूस उभा आडोसा हवा. हा आडोसाही पेटीपासून एक वीत दूर असावा आणि वर-खाली मोकळा असावा. आडोसा तापला की त्याच्या व पेटीच्या मधली हवा वर चढू लागते व खालून थंड हवा ओढली जाते. उसाच्या पाचटाचे किंवा गवताचे छप्पर स्वस्त व थंड असते, परंतु विजेच्या उपकरणांजवळ ते आगीला निमित्त होते. पत्रा किंवा सिमेंटचा पत्राच वापरावा.

छपराची वरची बाजू पांढऱ्या तैलरंगाने रंगवावी. चमकतो तो चंदेरी रंग अधिक चांगला, अशी सर्वत्र समजूत आहे. चंदेरी रंग ऊन परतवतो हे खरे. पण स्वतः तापल्यावर ती उष्णता प्रारणाने बाहेर टाकण्यात तो पांढऱ्या रंगाच्या फार मागे असतो. उघड्या जस्ती पत्र्याचेही तसेच. पांढरा रंग दोन्ही कामे करतो. खुद्द कंट्रोलरच्या पेटीला व विशेषतः ॲल्युमिनियमच्या पात्यांना मात्र रंग देण्याच्या भरीस पडू नये.

सौर पट्ट्यांच्या खाली आयती सावली असते, म्हणून बहुतेक ठिकाणी पेटी तेथेच खांबाला बसवितात. कल्पना चांगली आहे. तथापि पट्टीची खालची बाजू दुपारी बरीच तापलेली असते. पेटी पट्टीला लागून बसविली तर सावली मिळते आणि शेकही मिळतो. दोहोंमध्ये हातभर तरी अंतर असावे, आणि पेटीचा तळ पुराच्या पाण्यापासून व गुरांच्या शिंगांपासून सुरक्षित राहील इतका जमिनीपासून वर असावा. पाती उभी राहतील अशीच पेटी बसवावी. आडवी बसविल्यास पात्यांमधील हवा वर चढू शकत नाही. वर व खाली एक-एक वीत जागा मोकळी ठेवावी. खतांच्या गोण्या व औषधांचे डबे असलेल्या खोलीत पेटी बसविण्याचा मोह टाळावा. सावली मिळते, पण खतांच्या ओलसर वाफा तांब्याचे जोड खातात.

पंखा केव्हा?

छप्पर व आडोसा करूनही पेटी तापत असेल, आणि ती मुळात झडपांची स्टार्टर पेटी असेल, तरच पंख्याचा विचार करावा. पंख्यासंबंधी दोन गोष्टी पक्क्या समजाव्यात. पूर्ण बंद पेटीच्या आत बसविलेला पंखा तीच हवा घुसळतो. त्याने एखादा फार तापलेला भाग थोडा निवेल इतकेच. आणि हवेचा पंखा पेटीला बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही.

किती हवा लागेल याचा हिशेब सोपा आहे. आत निर्माण होणाऱ्या वॅटना जितके अंश वाढ चालेल त्या संख्येने भागावे व तीनने गुणावे. ताशी तितके घनमीटर हवा हवी. ६० वॅट व दहा अंश वाढ धरली तर ताशी अठरा घनमीटर. चार-साडेचार इंची साधा पंखा स्वच्छ असता याहून पुष्कळ जास्त हवा देतो. तेव्हा मोठा पंखा घेण्यापेक्षा गाळणी स्वच्छ ठेवणे महत्त्वाचे. हवा खालून आत व वरून बाहेर जावी, व दोन्ही तोंडांना बारीक जाळी असावी. कापूस वेचणीच्या व मळणीच्या दिवसांत गाळणी आठवड्याला झटकावी लागते. गाळणी तुंबलेला पंखा असणे हे पंखा नसण्यापेक्षा वाईट, कारण शेतकरी निर्धास्त राहतो.

सैल जोड

सावलीत असलेली, पांढऱ्या छपराची पेटीही तापत असेल तर जोड तपासावेत. सैल झालेला किंवा गंजलेला जोड विजेच्या प्रवाहाला अडवतो व तेथे उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. ॲल्युमिनियमची तार पितळी स्क्रूखाली थेट दाबलेली असेल तर ती काही महिन्यांत हमखास सैल होते. तारेला योग्य मापाचा लग दाबून बसवावा. तारेचे आवरण काळे, ठिसूळ किंवा वितळलेले दिसणे ही खूण पुरेशी आहे.

हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. सौर पंपाच्या बाबतीत एक विशेष इशारा आहे. पंप बंद केला तरी दिवसा सौर पट्ट्यांकडून येणाऱ्या तारांत काही शे व्होल्टचा दाब असतोच, आणि पट्ट्या तोडल्यानंतरही कंट्रोलरमधील कपॅसिटर काही मिनिटे भारित राहतात. पट्ट्यांकडील स्विच बंद करून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय पेटी उघडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यास आपल्या क्षेत्रातील दोन-तीन पंपांवर याचा पडताळा सहज घेता येईल. लांब तारेचा अंकी तापमापक बाजारात मिळतो. वीजपुरवठा बंद असताना वायरमनकडून त्याची तार केबलच्या ग्लँडमधून आत सोडून घ्यावी आणि दार बंद करावे. दुसरा साधा तापमापक जवळच सावलीत टांगावा. तीन दिवस सकाळी आठ, दुपारी बारा व तीन आणि सायंकाळी पाच वाजता दोन्ही नोंदी घ्याव्यात, नंतर छप्पर व आडोसा करून पुन्हा तीन दिवस घ्याव्यात. आत-बाहेरील फरक किती कमी झाला ते त्याच वहीत शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडता येते, व शेजारच्या शेतकऱ्यांना सांगण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही.

मृगापूर्वी एकदा पेटी पाहून घ्यावी. तापलेल्या पेटीवर वळवाचा पाऊस पडला की आतील हवा एकदम आकसते व फटींतून ओली हवा, प्रसंगी पाणीही, आत ओढले जाते. म्हणून केबल नेहमी खालच्या बाजूनेच आत घ्यावी, ग्लँड घट्ट कराव्यात, दाराची रबरी पट्टी कडक झाली असल्यास बदलावी. पात्यांमधील धूळ कोरड्या ब्रशने काढावी; पाण्याचा फवारा मारू नये. उन्हाळ्यासाठी केलेले छप्पर पावसाळ्यातही तसेच राहू द्यावे, फक्त त्याचे पाणी पेटीच्या मागील बाजूस न उतरता पुढे पडेल असा उतार आहे की नाही, तेवढे पाहावे.